मिठाचा चहा, अर्धा अर्धा

कर्नाटक सीमेवरच्या आमच्या मादन हिप्परग्यात विजयश्रीला नावानं ओळखणारी माणसं थोडी. 'गिरणीवाली' म्हटलं की कुणीही घर दाखवतं. सकाळी देवापुढं दिवा लावून ती गिरणीत आली, की तासाभरात तिच्या भुवया, पापण्या, कानामागची लव, सगळ्यावर पीठ बसायचं. संध्याकाळी तोंड धुतल्यावर ती आत्ता कुठं पस्तिशी ओलांडलेली बाई आहे हे कळायचं. दिवसभर मात्र ती पांढऱ्या भुवयांची म्हातारीच.

माझं घर गिरणीला लागून आहे. भिंत एकच. गिरणी सुरू झाली की माझ्या देवघरातली घंटी आपोआप थरथरते. सुरुवातीला मला त्याचा त्रास व्हायचा, आता ती थरथरली नाही तर चुकल्यासारखं होतं.

विजयश्री बाविसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली. नवरा शिवप्रसाद स्वभावानं गरीब होता. तिसऱ्या वर्षी काविळीनं गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरची माणसं तिला न्यायला आली, पण तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि गिरणीपुढं दळणाच्या डब्यांची रांग होती. विजयश्री म्हणाली, एवढी रांग संपवते आणि येते. ती रांग बारा वर्षं संपली नाही. सासू गेली. घरात राहिले ती आणि सासरे उद्धवराव.

उद्धवराव तीस वर्षं आळंदच्या बाजारात एका अडतीवर कामाला होते. माणूस मितभाषी. थकल्यावर त्यांनी गिरणीच्या दारात भुश्शाचं एक पोतं टाकलं आणि त्यावर बसू लागले. तोंड रस्त्याकडं, पाठ गिरणीकडं. आतल्या बायकांना संकोच वाटू नये म्हणून असेल. दिवसभर येणारीजाणारी जीप, बैलगाडी, शाळेची पोरं बघत बसायचे.

त्यांची एक रीत होती. ते पूर्ण कप चहा कधी पीत नसत. आमच्याकडं हॉटेलात दोघं गेले की 'बाय टू', म्हणजे एक चहा दोघांत, सांगतात, त्यात नवल नाही. पण उद्धवरावांचं घरातही तसंच. त्यांच्याजवळ बसलेल्या माणसाला चहा आला की त्यानं अर्धा बशीत ओतून त्यांना द्यायचा आणि कपातला उरलेला आपण प्यायचा. भरलेला कप त्यांच्यापुढं ठेवला तर निवून साय धरेपर्यंत हात लावत नसत. एकट्यानं चहा पिणं त्यांना पसंत नव्हतं. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात विजयश्रीनं नवा फोन घेतला, बोटानं चालवायचा. तिला भजनं लावायला मीच शिकवलं. दिवसभर तो गिरणीचा खडखडाट ऐकतेस, चार चांगले शब्द कानावर पडू देत, असं मी म्हणाले. ती हसली. गिरणी चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही, तिथं भजन कुठलं ऐकू येणार. तरी माझा मान राखून तिनं ज्वारीच्या डब्याला टेकून फोन उभा केला आणि भजन लावलं. गाणारे बुवा नुसतेच तोंड उघडत होते, मिटत होते. तिचं काम चालूच होतं. देवाचं नाव ऐकू आलं नाही तरी घरात आहे, एवढ्यावर मी समाधान मानलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दळणाला फार गर्दी होती. भजन केव्हा संपलं आणि फोननं आपल्या मनानं पुढं काय लावलं, तिचं लक्षच नव्हतं. डबा रिकामा करून तिनं वर बघितलं, तर फोनमध्ये एक पोरगी. भुवयांवर पीठ, गालावर पीठ, केसांत पीठ. एका मोठ्या भट्टीपुढं उभी राहून ती खो खो हसत होती. आणि उंच, कोरीव दाढीचा एक माणूस खिशातून रुमाल काढून तिच्या भुवईवरचं पीठ पुसत होता.

विजयश्री मला पुढं म्हणाली होती, "अक्का, म्या जलमात पिठानं माखलेली हिरोईन बघितली न्हवती."

ती तुर्कस्थानची एक मालिका होती. पोरीचं नाव गुल्चिन, आमच्या बायकांनी तिची गुलशन केली. समुद्राजवळच्या चढाच्या गल्लीत तिच्या बापाची पावाची भट्टी होती. दाढीवाला तारिक एका मोठ्या हॉटेलाचा मालक. पण हे सगळं नंतर कळलं. पहिले काही दिवस विजयश्रीनं ती मालिका नुसती बघितली, ऐकली नाही, कारण गिरणी बंद ठेवून बघायची तिला चैन नव्हती. तोंडाच्या हालचालींवरून ती आपल्या मनानं गोष्ट जुळवायची. तारिकच्या आजीला ती चार दिवस स्वयंपाकीण समजत होती. गुलशनच्या मोठ्या भावाला तिनं तिचा नवरा ठरवलं होतं आणि मग ही बाई दुसऱ्याकडं बघून हसते कशी म्हणून तिला राग यायचा.

मग एक दिवस मधेच लाइट गेली. आमच्याकडं थ्री फेजचा करंट सकाळी येतो, तोही सलग राहील असं नाही. पूर्वी लाइट गेली की विजयश्री कपाळाला हात लावायची, दळण खोळंबायचं. त्या दिवशी पट्टा थांबला, गिरणी हळूहळू गप्प झाली, आणि त्या शांततेत तारिकचा आवाज आला. हिंदी-उर्दूत बोलत होता. विजयश्रीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आपल्याला कळतंय की हे, असं तिला झालं. आळंदच्या बाजारात, दर्ग्याच्या उरुसात, बांगड्यावाल्याकडं आम्ही जी भाषा ऐकत मोठ्या झालो, तिचीच ही शहरातली बहीण.

त्या दिवसापासून ती लाइट जायची वाट बघू लागली. दळण घेऊन आलेल्या बायकाही. लाइट गेली की सगळ्या फोनभोवती गोळा. लाइट आली की दळणाला येणारी रुद्रम्मा लाइटवाल्यांना कन्नडमधून चार शब्द सुनवायची, आणि सगळ्या नाइलाजानं उठायच्या.

मी सुरुवातीला गेले नाही. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. मी भजनासाठी फोन शिकवला आणि हिनं त्यात परक्या मुलखातली प्रेमाची गोष्ट लावली. एकदा तिला म्हणालेही की पोथीला बस म्हटलं तर तुला वेळ नसतो. पण दुसऱ्या दिवशी मी दळण न्यायला गेले तेव्हा लाइट गेलेली, आणि फोनमध्ये सण चालला होता. गुलशननं घरात शिरताना चपला बाहेर काढल्या. आजीचा हात हातात घेऊन ओठांना लावला, मग कपाळाला लावला. म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दारावर नजर लागू नये म्हणून निळा मणी टांगलेला. मी दळणाची पिशवी खाली ठेवली. ही माणसं आपल्यातलीच की, असं मनात आलं. देवाला हाक मारायची रीत निराळी, बाकी चूल तीच.

त्यानंतर मी पायलीभर दळण एकदम न्यायची सोडून दिली. एक दिवसाआड दोन शेर ज्वारी घेऊन जाऊ लागले. विजयश्रीला ते कळलं होतं. एकदा म्हणाली, "अक्का, आसं केल्यावर तुमची ज्वारी संपायच्या आधी गिरणीच झिजंल."

गोष्ट अशी होती की तारिकच्या आजीचं दुखणं वाढलेलं आणि नातवाचं लग्न ठरलेलं बघायची तिची इच्छा. म्हणून तारिक भट्टीवरच्या पोरीला म्हणतो, तीन महिने माझी वाग्दत्त वधू असल्याचं नाटक कर. नाटक करता करता दोघांचा जीव एकमेकांवर जडतो, पण दोघांपैकी एकही तोंड उघडत नाही. एवढं साधं. पण ते तोंड न उघडण्यात साठ-सत्तर भाग गेले, आणि आम्ही बायका नुसत्या तळमळत होतो. "सांगून टाक की गं," विजयश्री फोनला म्हणायची. रुद्रम्माचं म्हणणं होतं की त्या दाढीवाल्याला दोन कानाखाली दिल्या तर तो लगेच बोलंल.

कधी एखादा उर्दू शब्द अडायचा. एकदा गुलशन म्हणाली, मला तुमच्यावर ऐतबार नाही. ऐतबार म्हणजे काय, यावर बायकांची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं पैसा, कुणी म्हणालं लग्न. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "भरोसा." उद्धवराव. पाठ तशीच आमच्याकडं, तोंड रस्त्याकडं. तीस वर्षं अडतीवर मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर काढलेला माणूस, त्यांना तो शब्द येणारच. त्यानंतर असं बऱ्याचदा झालं. शब्द अडला की पोत्यावरून अर्थ यायचा, एक शब्द, त्याहून जास्त नाही. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याच्या कानावर पडतं, म्हणून सांगतो.

आता शिवराजचं सांगते.

गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग पीठ जाडं येतं, गरम येतं. त्यांना छन्नीनं टाकी मारावी लागते. हे काम करणारा शिवराज खजुरीहून यायचा. चाळिशीचा, सडपातळ, बायको बाळंतपणात गेलेली. मोठ्या बहिणीच्या घरी राहायचा. महिन्यातून एकदा मोटरसायकलवर छन्नी-हातोड्यांची पिशवी टांगून यायचा, दगड उतरवून दुपारभर टाकी मारायचा, उद्धवरावांना अर्धा चहा देऊन जायचा.

टाकी मारल्यावर पहिल्या पिठात दगडाची कच येते. म्हणून पहिल्यांदा ज्याचं दळण टाकाल त्याचं नुकसान. सगळीकडं गिरणीवाल्याचे मूठपसा दाणे त्यात जातात. शिवराज मात्र केव्हातरी आपल्या घरची शेरभर ज्वारी पिशवीतून आणू लागला. टाकी मारून झाली की तीच पहिल्यांदा टाकायचा आणि ते कचकचीत पीठ उकिरड्यावर ओतून यायचा. विजयश्रीनं विचारलं कामून असं करतोस, तर म्हणाला, तुमची ज्वारी वाया जायला नको.

आणि मालिका सुरू झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, हा माणूस आता महिन्यानं येत नाही, पंधरा दिवसांनी येतो. पुढं दहा दिवसांनी. दगड काही एवढे झिजत नव्हते. तारिकसुद्धा रोज त्या भट्टीवर पाव घ्यायला जायचा, हॉटेलात स्वतःचे चार आचारी असताना. एकदा तर शिवराज दगड न उतरवताच, नुसता पट्टा बघून, अर्धा चहा पिऊन परत गेला. रुद्रम्मानं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. दोघींनाही पाव आठवला.

चैत्रात एका दुपारी मी विजयश्रीला माझ्या अंगणात कुरडया घालायला बोलावलं. दोघीच होतो. तिनं तोंड धुतलेलं, भुवया काळ्याभोर. बोलता बोलता मी तिला सरळ विचारलं की शिवराजबद्दल तुझ्या मनात काय आहे. तिनं कुरडईचा साचा खाली ठेवला.

"अक्का, बारा वर्षं म्या काय मागितलं न्हाई," ती म्हणाली. "आता मलाबी वाटायलंय, माझ्या भुवईवरचं पीठ कुणीतरी पुसावं."

अडचण शिवराजची नव्हती. त्यानं आपल्या बहिणीपाशी बोलून ठेवलं होतं. घराणं ओळखीचं होतं. अडचण उद्धवरावांची होती. मुलगा गेला, बायको गेली, आता ही गेली तर त्या पोत्यावर बसलेल्या माणसाला अर्धा चहा कोण देणार. ती म्हणाली, मामांना दुखवून मला काही नको. ते नाही म्हणाले तर हा विषय पुन्हा काढणार नाही, आणि शिवराजलाही सांगेन की टाकी मारायला दुसरा माणूस पाठव. म्हणजे जे थोडंबहुत होतं तेही जाणार. मला माझ्या देवघरातल्या घंटीची शपथ, त्या पोरीसाठी माझा जीव तुटला. मी म्हणाले, तू बोलू नकोस, मी बोलते. फोनमध्ये दोघं बोलत नव्हते म्हणून साठ भाग वाया गेले, इथं तेवढा वेळ नाही.

त्याच आठवड्यात मालिकेत तो भाग आला. तारिकची माणसं रीतसर मागणी घालायला गुलशनच्या घरी आली. त्यांच्याकडं अशा वेळी पोरगी कॉफी करून आणते, दुधाशिवाय, छोट्या कपात. आणि होणाऱ्या नवऱ्याच्या कपात साखरेऐवजी मीठ घालते. त्यानं तोंड वाकडं न करता ती प्यायली, तर तो आपला म्हणायचा, पुढं संसारातलं खारट-कडूही हा असंच पिईल. तारिकनं कप एका दमात संपवला, डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिला. आम्ही बायका पोट धरून हसलो. रुद्रम्मा म्हणाली, आमच्या यांना मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतात. उद्धवराव पोत्यावर होते. त्यांची पाठ हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेले. अप्पा, एक बोलायचं आहे, म्हणून सगळं सांगितलं. शिवराज कसा, त्याची बहीण काय म्हणते, विजयश्रीच्या मनात काय, सगळं. ते रस्त्याकडं बघत राहिले. माझं बोलणं संपलं, ते उठले, काठी घेतली आणि आत निघून गेले.

दोन दिवस पोतं रिकामं होतं. दोन दिवस विजयश्रीनं फोन डब्यातून बाहेर काढला नाही. लाइट गेली तरी नाही. बायका येऊन गप्प बसून दळण नेत होत्या. मी सकाळ-संध्याकाळ देवापुढं बसले, पण काय मागावं ते समजेना. एकाला सुख मागितलं की दुसऱ्याचं घर रिकामं होत होतं. शेवटी म्हणाले, तूच बघ.

तिसऱ्या दिवशी सकाळी उद्धवराव पोत्यावर येऊन बसले. मी तुळशीला पाणी घालत होते. मला हाक मारून म्हणाले, "येऊ द्या त्यांना. च्या पिऊन जाऊ द्या."

एवढंच. नुसता चहा पिऊन जाऊ द्या म्हणजे हो की नाही, ते मला कळलं नाही, विजयश्रीला तर मुळीच नाही. तिला वाटलं, पाहुण्यांचा मान राखून, चहा पाजून परत पाठवायचं ठरवलंय.

पुढच्या सोमवारी दुपारी शिवराज आणि त्याची बहीण गुरुबाई आली. शिवराजनं नवा पांढरा सदरा घातला होता. त्याची घडी उमटली होती आणि छन्नी धरून घट्टे पडलेले हात त्या स्वच्छ बाह्यांतून परक्यासारखे दिसत होते. गुरुबाई प्रेमळ बाई. येताना कणगीतली ज्वारी पिशवीभर घेऊन आली, रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून. उद्धवरावांनी बसा म्हटलं. पावसाचं बोलणं झालं, तुरीचं झालं. मुद्द्याचं कुणी काढेना.

मी आत विजयश्रीजवळ होते. तिनं चहा उतरवला, पाच कप भरले. उद्धवरावांनाही आज भरलेलाच कप ठेवला, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून. मग इकडंतिकडं बघितलं, मिठाच्या बरणीत चमचा घातला आणि एका कपात टाकून ढवळला. कडेला फूल असलेला कप. उकळताना घातलं असतं तर दूध फुटलं असतं आणि सगळ्यांच्याच कपात मीठ गेलं असतं, म्हणून ती उतरवेपर्यंत थांबली होती. म्हणजे हे काही अचानक सुचलेलं नव्हतं.

मी तिचा हात धरला. अगं, हे काय वय आहे का, असं मी कुजबुजले.

"अक्का, न्हाईच म्हणणार हायेत," ती म्हणाली. "मग एकडाव तरी माझं बघणं माझ्या मनासारखं होऊ द्या."

तिनं ताट उचललं. फुलाचा कप शिवराजपुढं, साधे कप बाकीच्यांपुढं. ती दारापाशी येऊन माझ्याजवळ उभी राहिली.

आणि शिवराजनं, इतकी वर्षं महिन्याच्या महिन्याला करत आला होता तसंच, काही विचार न करता, फुलाच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि दोन्ही हातांनी उद्धवरावांपुढं धरला.

विजयश्रीनं माझं मनगट आवळलं. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बारा वर्षं ज्या घरात अर्धा चहा रोज बघितला, त्याच घरात ती तो विसरली होती. उद्धवरावांपुढं त्यांचा भरलेला कप होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. बशी घेतली, फुंकर मारली, आणि एक घोट घेतला.

ते थांबले. बशीत बघितलं. मग दाराकडं बघितलं, आमच्या दोघींकडं. मी इतक्या वर्षांत त्यांना आमच्याकडं असं तोंड करून बघताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता बशी खाली ठेवणार, उठणार, संपलं.

त्यांनी पुन्हा बशी तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायला. सावकाश, घोट घोट. तोंडावरची रेषही हलली नाही. शिवराजनं मधेच आपल्या कपातला एक घोट घेतला होता, त्याचे डोळे मोठे झाले होते. पण समोर म्हातारा माणूस गप्प पितोय म्हटल्यावर त्यानंही मान खाली घातली आणि कप संपवला. गुरुबाईनं सहज विचारलं, चहा कसा झालाय. शिवराज म्हणाला, बरा झालाय.

उद्धवरावांनी बशी ताटात ठेवली, मिशा पुसल्या.

"तितं त्या हाटेलवाल्यानं एकट्यानं पेलं होतं," ते म्हणाले. "हितं आमी दोघांनी पेलंय. आता आनखी काय परीक्षा ठिवलीस, पोरी?"

गुरुबाईला काही कळेना. शिवराजलाही नाही. विजयश्री दारातच खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडू लागली, मग रडता रडता हसू लागली. इतके महिने रस्त्याकडं तोंड करून बसलेल्या त्या माणसानं एकही भाग सोडला नव्हता. पाठीमागं फोन आणि कान आमच्यात. सगळं ऐकूनच बघितलेलं, जसं तिनं सुरुवातीला न ऐकता बघितलं होतं.

मग ते शिवराजकडं वळून, पहिल्यांदाच इतकं सलग बोलले. म्हणाले की सून म्हणून ठेवून घेतली ही माझी चूक झाली, ते मला त्या म्हाताऱ्या आजीचं ऐकताना कळलं, तिनं निदान मरायच्या आधी नातवाचं बघितलं. मी नुसताच बसून राहिलो. पोरगी द्यायला माझी ना नाही. पण मुली माहेर सोडून जातात तशी ही गिरणी उचलून खजुरीला जाणार नाही. म्हणून तुम्हीच इकडं राहायला या, तुमचं काम फिरतीचं, मोटरसायकल इथूनही निघते. आणि सकाळचा चहा तेवढा आपण बरोबर घेऊ.

शिवराजनं उठून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. गुरुबाईनं डोळे पुसले आणि मला हळूच विचारलं की चहात काय होतं. मी खरं सांगितलं. तिनं आपल्या कपाकडं बघितलं, आणि उरलेला चहा जपून प्याली.

लग्न वैशाखात गावातल्या देवळात झालं, चार माणसांत. गावात थोडी कुजबुज झाली, ती होतेच. पण दळण सगळ्यांना लागतं, आणि गिरणीवर येऊन उद्धवरावांपुढं बोलायची कुणाची छाती झाली नाही. कन्यादान त्यांनीच केलं. पाण्याचा एक थेंब इकडंतिकडं सांडला नाही.

आता शिवराज इथं राहतो. आठवड्यातून तीन-चार दिवस आसपासच्या गिरण्यांना टाकी मारायला जातो, संध्याकाळी परत येतो. आपल्या गिरणीच्या दगडांना मात्र महिन्यातून एकदाच हात लावतो, त्याहून जास्त गरज नाही हे त्यालाही आता कबूल आहे. भिंतीला खिळे ठोकून त्यानं फोनसाठी एक छोटी फळी केली आहे, बसून दिसेल एवढ्या उंचीवर. भुवईवरचं पीठ तो पुसतो की नाही हे मी विचारलेलं नाही. पण मधे एकदा दुपारी दळण आणायला गेले, तर विजयश्रीची एक भुवई काळी आणि एक पांढरी होती.

गुलशन-तारिकची गोष्ट संपली. शेवटी दोघं बोलले एकदाचे. बायकांना चार दिवस सुतक असल्यासारखं झालं. मग फोननं दुसरी एक काढून दिली, ती पण तिकडचीच, त्यात एक वकीलीण आहे. रुद्रम्माला ती अजून पटलेली नाही.

सकाळी पहिल्यांदा भजन लावायचं, हा माझा नेम विजयश्री पाळते. गिरणीच्या खडखडाटात ते कुणालाच ऐकू येत नाही. उद्धवरावांनी मात्र आपलं पोतं आता उलटं फिरवून घेतलं आहे. पाठ रस्त्याकडं, तोंड गिरणीकडं. भजन संपेपर्यंत ते हात जोडून बसतात, आणि मग लाइट कधी जाते त्याची वाट बघतात.